राज्यांना भरपाई मिळाली. म्हाताऱ्यांनी काय पाप केले?

३० जून २०१७ च्या मध्यरात्री संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात वस्तू व सेवा कराचा प्रारंभ मोठ्या थाटाने झाला. दिव्यांची रोषणाई झाली, भाषणे झाली, एक देश आणि एक कर ह्या घोषणेने सभागृह दुमदुमले. परंतु त्या समारंभापूर्वीच राज्यकर्त्यांनी एक गोष्ट अत्यंत दक्षतेने उरकून घेतली होती. नव्या करामुळे राज्यांच्या तिजोरीत खोट आली तर ती भरून देण्याचा स्वतंत्र कायदा संसदेने संमत करून ठेवला होता. २०१५-१६ सालचे उत्पन्न पायाभूत मानावे, त्यावर दरसाल १४ टक्के वाढ धरावी आणि प्रत्यक्ष वसुली त्याहून कमी भरल्यास उरलेली रक्कम पाच वर्षांपर्यंत केंद्राने द्यावी, अशी ती पक्की हमी होती. इकडे मुंबईची जकात त्याच दिवशी बंद झाली. तिच्या बदल्यात महापालिकेला भरपाई देण्याचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने त्याच वर्षी केला.

ह्यात आम्हांला वावगे काही दिसत नाही. करपद्धती बदलताना ज्याचे नुकसान होईल त्याला भरपाई द्यावी, हे न्यायाचे तत्त्व आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे की, हे तत्त्व सरकारांना लागू झाले, महापालिकांना लागू झाले, मग ते माणसांना का लागू झाले नाही? ज्यांचे उत्पन्न कायद्याने वा कराराने जागच्या जागी खिळून ठेवले आहे, ज्यांना पगारवाढ नाही, महागाई भत्ता नाही आणि आपल्या मालाचा भाव वाढवण्याचीही सोय नाही, त्या निवृत्त आणि वृद्ध नागरिकांची त्या मध्यरात्री कोणाला आठवण झाली होती काय? नव्हती. त्यानंतरही ती झालेली नाही. म्हणूनच हा प्रश्न आम्ही आज पहिल्या पानावर मांडीत आहोत.

साखळीचे शेवटचे टोक

विक्रीवरील कर आणि प्राप्तीवरील कर ह्यांत मूलभूत भेद आहे. प्राप्तिकर माणसाला विचारतो: तुझे वय काय, मिळकत किती, व्याज किती, औषधोपचारावर खर्च किती? विचारून झाल्यावर तो काही सूट देतो, काही वजावट देतो. विक्रीवरील कर काहीही विचारत नाही. दुकानाच्या फळीवर तो आंधळा होऊन बसलेला असतो. साबणाची वडी कारखानदाराच्या सुनेने घेतली काय आणि गिरणीतल्या निवृत्त कामगाराने घेतली काय, तिच्यावरील कर पैशापैशाने सारखाच.

एवढ्यावरच हे थांबत नाही. अशा कराचा स्वभावच पुढे सरकण्याचा आहे. कारखानदार तो घाऊक व्यापाऱ्याकडे ढकलतो, घाऊक व्यापारी किरकोळ दुकानदाराकडे आणि दुकानदार गिऱ्हाइकाकडे. कागदोपत्री साखळी येथे संपते. व्यवहारात ती आणखी पुढे जाते. गिऱ्हाईक जर सरकारी नोकर असेल तर त्याच्या महागाई भत्त्याचा दर जानेवारीत आणि जुलैत पुन्हा तपासला जातो. गिऱ्हाईक व्यापारी असेल तर तो आपल्या मालाचा भाव चढवतो. वकील वा डॉक्टर असेल तर आपली फी वाढवतो. मजूर असेल तर, उशिरा का होईना, रोजी वाढवून मागतो. प्रत्येकजण आपल्या खांद्यावरचे ओझे थोडेफार दुसऱ्याच्या खांद्यावर सरकवतो. ज्याला ते कोणाच्याच खांद्यावर सरकवता येत नाही असा एकच माणूस ह्या रांगेत शिल्लक राहतो, तो म्हणजे ठराविक उत्पन्नावर जगणारा म्हातारा. साखळीचे शेवटचे टोक त्याच्या पायाला बांधलेले आहे.

आणखी एक गणित पाहावे. समजा, एका कमावत्या गृहस्थाला महिना एक लाख रुपये मिळतात. त्यांतले तो चाळीस हजार खर्च करतो आणि साठ हजार घराच्या हप्त्यांत, भांडवलात, बचतीत घालतो. दुसरीकडे एका निवृत्त माणसाची मिळकत पंधरा हजार आहे आणि ती सगळीच्या सगळी खर्च होते. दोघांच्या खर्चावर सरासरी पाच टक्के कर बसतो असे धरले तर पहिला दोन हजार रुपये देतो, म्हणजे मिळकतीच्या दोन टक्के. दुसरा साडेसातशे देतो, म्हणजे मिळकतीच्या पाच टक्के. आजारपणामुळे ह्या दुसऱ्याला मुदत ठेव मोडावी लागली तर त्या मुदलाच्या खर्चावरही कर लागतो आणि त्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्याही वर जाते. ती ठेव त्याने कशातून उभी केली होती? नोकरीच्या काळात प्राप्तिकर भरून उरलेल्या पैशांतून. म्हणजे एकाच रुपयावर कमावताना एकदा आणि खर्चताना दुसऱ्यांदा, अशी ही दुहेरी वसुली आहे.

सरकारची बाजू

सरकार पक्षाचे म्हणणे आम्ही नजरेआड करू इच्छीत नाही. विक्रीकर काही २०१७ साली आकाशातून पडला नाही. मुंबई प्रांतात त्याचा कायदा १९४६ सालीच झाला होता. अबकारी कर, मूल्यवर्धित कर, जकात, सेवाकर असे अनेक कर एकावर एक चढून किमतीत दडून बसत होते. नव्या पद्धतीने त्यांतले बरेच एकत्र आणले. सुटे धान्य, ताजा भाजीपाला, मीठ ह्यांवर कर नाही. राहत्या घराचे भाडे आणि डॉक्टरची तपासणी करमुक्त आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची रचनाही सुटसुटीत झाली. बहुतेक औषधे १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली, तेहतीस जीवरक्षक औषधे पूर्ण मुक्त झाली, साबण, केसांचे तेल आणि टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर उतरले आणि व्यक्तिगत आरोग्यविम्याचा व आयुर्विम्याचा हप्ता करमुक्त झाला. हे सर्व खरे आहे आणि जे चांगले झाले त्याला चांगले म्हणण्यात आम्हांला संकोच नाही.

परंतु ह्या चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. निवृत्त माणसाच्या आयुष्यात वस्तूंपेक्षा सेवांचा वाटा मोठा असतो. सेवाकराचा दर अधिभार धरून १५ टक्के होता. वस्तू व सेवा करात तो बहुतेक सेवांवर १८ झाला. आरोग्यविम्याचेच उदाहरण घ्यावे. वय वाढते तसा हप्ता वाढतो आणि हप्ता वाढतो तसा त्यावरचा करही वाढतो. ज्या वृद्ध दांपत्याचा वार्षिक हप्ता चाळीस हजार होता, त्याला त्यावर ७,२०० रुपये कर भरावा लागत होता. आजारी पडण्याच्या भीतीवर बसवलेला हा कर आठ वर्षांहून अधिक काळ चालला. २०२३-२४ ह्या एका वर्षात आरोग्यविम्याच्या हप्त्यांवरून ८,२६२ कोटी रुपये गोळा झाले. नागपूरच्या विमा कर्मचाऱ्यांच्या निवेदनावरून खुद्द केंद्रीय मंत्री नितीन गडकरी ह्यांनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांना पत्र लिहिले, तेव्हा कोठे ह्या अन्यायाची देशभर चर्चा झाली. त्यानंतरही कर जाण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. दरम्यान ज्यांनी हप्ता परवडेना म्हणून विमाच सोडून दिला, त्यांचे वय आता कमी होणार नाही आणि त्यांना नवा विमा जुन्या अटींवर मिळणार नाही.

शिवाय 'करमुक्त' ह्या शब्दाचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. जी सेवा करमुक्त असते, ती देणाऱ्याला आपण खरेदी केलेल्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. रुग्णालयाने घेतलेली यंत्रे, साहित्य, देखभालीची कंत्राटे ह्यांवरचा कर रुग्णालयाच्या खर्चात मिसळतो आणि बिलात दिसत नसला तरी बिलात असतो. विम्याच्या हप्त्याचेही तेच. हप्ता करमुक्त झाला, पण विमा कंपन्यांची वजावट गेली. तो भार मूळ हप्त्यात हळूहळू मुरला तर ग्राहकाला कळणार कसे? दरकपातीचा लाभ व्यापाऱ्याने गिळला तर त्याविरुद्ध दाद मागण्याची जी सोय मूळ कायद्यात होती, तिच्याखाली नव्या तक्रारी घेणे १ एप्रिल २०२५ पासून बंद झाले. म्हणजे सर्वांत मोठी दरकपात झाली तेव्हा पहारेकऱ्याला घरी पाठवून दिलेले होते!

२०२२ सालची गोष्टही विसरता येत नाही. त्या वर्षाच्या १८ जुलैपासून पिशवीबंद आणि छाप असलेल्या तांदळावर, कणकेवर, डाळींवर ५ टक्के कर आला. पूर्वी तो फक्त नोंदलेल्या व्यापारी नावाच्या मालापुरता होता. त्याच दिवशी रुग्णालयात दिवसाला पाच हजारांहून अधिक भाड्याच्या खोलीवरही ५ टक्के कर बसला. दर उतरवताना सरकार नगारे वाजवते, चढवताना राजपत्रात छापते. ह्या चढउतारांत पगारदार आणि व्यापारी आपला तोल सांभाळून घेतात. म्हाताऱ्याच्या हातात काठीशिवाय काही नसते.

खिळलेले उत्पन्न

आता ह्या कराच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाची मिळकत तपासू. निवृत्तांतही वर्ग आहेत. केंद्राच्या आणि राज्याच्या जुन्या पद्धतीच्या पेन्शनरांना महागाईनुसार वाढ मिळते. त्यांचेही सगळे आलबेल नव्हते. जानेवारी २०२० ते जून २०२१ ह्या अठरा महिन्यांतली केंद्राची वाढ करोनाच्या नावाने गोठवण्यात आली आणि त्या काळाची थकबाकी मिळाली नाही. तरीही त्यांच्या उत्पन्नाला निर्देशांकाचा आधार आहे, हे मान्य केले पाहिजे.

ज्यांना हा आधार नाही त्यांची संख्या फार मोठी आहे. खाजगी कारखाने, गिरण्या, साखर कारखाने, सहकारी संस्था, एसटी महामंडळ ह्यांतून निवृत्त झालेले कामगार १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली येतात. देशात अशा निवृत्तिवेतनधारकांची संख्या सुमारे ७८ लाख आहे. ह्या योजनेचे किमान निवृत्तिवेतन १ सप्टेंबर २०१४ पासून महिना एक हजार रुपये ठरले. त्याच्या आदल्याच वर्षी राज्यसभेच्या याचिका समितीने किमान तीन हजारांची शिफारस केली होती. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी. पुढे ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, येऊन गेलेही. शिफारस मात्र होती तेथेच राहिली. एक हजाराचा तो आकडा नंतर दहा वर्षांहून अधिक काळ जागचा हलला नाही. सरकारच्याच ग्राहक किंमत निर्देशांकाने हिशेब केला तर २०१४ सालच्या त्या हजार रुपयांची खरेदीशक्ती दहा वर्षांत सुमारे सव्वासहाशेवर आली. ज्या माणसाने तीस वर्षे यंत्रावर उभे राहून काम केले, त्याच्या हातून दर हजारातले पावणेचारशे रुपये असे गेले आणि त्याची पावतीसुद्धा त्याला मिळाली नाही. बुलढाण्यात ह्याच निवृत्तांनी डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण आरंभिले. महिना साडेसात हजार आणि त्यावर महागाई भत्ता एवढीच त्यांची मागणी. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी उपाशी बसावे तेव्हा त्यांच्या मागणीचा विचार व्हावा, हे काही भूषणावह नव्हे. पण तो विचारही होऊ नये, हे लांच्छनास्पद आहे.

त्याहून खालच्या पायरीवर दारिद्र्यरेषेखालचे वृद्ध आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा महिना दोनशे रुपये ठरला आहे. देशात त्याचे लाभार्थी सुमारे सव्वादोन कोटी. महाराष्ट्र शासन त्यात आपली भर घालते आणि २०२३ साली एकूण रक्कम दीड हजार झाली, हे राज्याला शोभणारे झाले. पण वस्तू व सेवा कर आला तेव्हा केंद्राचे जे दोनशे होते, ते त्यानंतरही दोनशेच राहिले.

उरला तो बचतीवर जगणारा मध्यमवर्गीय निवृत्त. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे आले, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, व्याजावर घर चालते. १ एप्रिल २०२० रोजी ह्या योजनेचा दर नव्या ठेवींसाठी ८.६ वरून ७.४ टक्क्यांवर आणला गेला आणि सप्टेंबर २०२२ पर्यंत तो तसाच राहिला. त्या काळात दहा लाख गुंतवणाऱ्याचे व्याज वर्षाला ८६ हजारांऐवजी ७४ हजार झाले. दर महिन्याला बरोबर एक हजार रुपये कमी. योजनेची मुदत पाच वर्षांची. एकदा ठरलेला दर मुदत संपेपर्यंत बदलत नाही. नंतर, एप्रिल २०२३ मध्ये, दर ८.२ झाला, परंतु आधीच पैसे अडकलेल्यांना त्याचा उपयोग काय? २०२२-२३ सालची किरकोळ महागाई सरासरी ६.७ टक्के होती. ७.४ टक्क्यांनी मिळालेल्या व्याजातून ती वजा करावी, मग बाजारात गेल्यावर कर द्यावा. मागे राहते ते केवळ पासबुक.

ह्याच्याशेजारी औषधांच्या किमतीचा नियम ठेवून पाहा. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती घाऊक किंमत निर्देशांकाशी बांधलेल्या आहेत. त्या नियमाने एप्रिल २०२२ मध्ये १०.७७ टक्के आणि एप्रिल २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढ करण्याची मुभा उत्पादकांना मिळाली. औषध कंपनीच्या गोळीला निर्देशांक आहे. ती गोळी घेणाऱ्या कामगाराच्या पेन्शनला नाही! कंपनीचे नुकसान होऊ नये म्हणून शासनाला जी दक्षता सुचली, ती रक्तदाबाने ग्रासलेल्या म्हाताऱ्यासाठी का सुचू नये, ह्याचे उत्तर दिल्लीतील कोणत्याही अर्थतज्ज्ञाने द्यावे.

इतर देशांनी काय केले?

हा प्रश्न फक्त आपल्याच देशापुढे आला असे नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २००० रोजी दहा टक्क्यांचा वस्तू व सेवा कर लागू केला. त्याच दिवशी तेथील वृद्धांचे निवृत्तिवेतन चार टक्क्यांनी वाढवण्यात आले. कर आणि भरपाई एकाच तारखेला, हे ध्यानात घ्यावे. कॅनडाने १९९१ साली सात टक्क्यांचा कर बसवला, तेव्हा अल्प उत्पन्नाच्या लोकांना दर तिमाहीस रोख परतावा देण्याची व्यवस्थाही उभी केली. सिंगापूरने २०१२ साली कायमची परतावा योजना सुरू केली. तिच्यात अल्प उत्पन्नाच्या नागरिकांना रोख रक्कम आणि ज्येष्ठांच्या वैद्यकीय खात्यात वेगळी भर, अशी तरतूद आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये त्या देशाने कर सातावरून आधी आठ आणि मग नऊ टक्के केला, तेव्हा वाढीच्या जोडीने साहाय्यही वाढवले.

अमेरिकेचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. प्राप्तिकर पूर्णपणे रद्द करून त्याच्या जागी एकच राष्ट्रीय विक्रीकर आणावा, असे विधेयक तेथील काँग्रेसमध्ये १९९९ पासून वारंवार मांडले गेले. दर सांगितला जातो २३ टक्के. परंतु तो करासहित किमतीवर मोजलेला आहे. ७७ रुपयांच्या वस्तूवर २३ रुपये कर लावून शंभरला विकायची, हा तो हिशेब. आपल्या दुकानदाराच्या पद्धतीने मोजला तर तोच दर तीस टक्के भरतो. त्या विधेयकावर जे आक्षेप आले त्यांत एक प्रमुख आक्षेप निवृत्तांचा होता. आम्ही जन्मभर प्राप्तिकर भरून शिल्लक टाकली आणि आता ती खर्चताना पुन्हा कर द्यायचा काय, असे ते विचारतात. विधेयक आजवर संमत झालेले नाही. परंतु त्याच्या कट्टर पुरस्कर्त्यांनीसुद्धा प्रत्येक कुटुंबाला दर महिन्याला आगाऊ परतावा देण्याचे कलम त्यात घातले आहे. विक्रीकराचे एवढे कडवे भक्तही भरपाईवाचून तो मांडण्यास धजत नाहीत, ही गोष्ट आपल्या राज्यकर्त्यांनी लक्षात घ्यावी.

आपल्याकडे भरपाई दिली गेली ती राज्यांना, आणि तीही लोकांच्याच खिशातून. भरपाईसाठी जो उपकर बसवला तो मोटारी व तंबाखू ह्यांच्याप्रमाणे कोळशावरही होता, टनामागे चारशे रुपये. कोळशातून वीज होते आणि विजेचे बिल हजार रुपये पेन्शनच्या घरातही येते. पाच वर्षांची हमी जून २०२२ मध्ये संपली, तरी करोनाकाळात राज्यांसाठी काढलेल्या कर्जाच्या फेडीसाठी उपकर पुढे चालू ठेवावा लागला. राज्यांची भरपाई करण्यास ज्या म्हाताऱ्यांनी विजेच्या दिव्यागणिक हातभार लावला, त्यांची भरपाई मात्र कोणीच केली नाही.

पैसा आहे, इच्छा हवी

इतका पैसा आणायचा कोठून, असा प्रश्न येईल. निवृत्तिवेतनाचा निधी तुटीत आहे, हिशेबनीसांचा विरोध आहे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच आमची सूचना अशी आहे की, ही भरपाई त्या निधीतून देऊच नये. ती कराच्या उत्पन्नातून द्यावी, कारण नुकसान कराने केले आहे. २०२४-२५ मध्ये वस्तू व सेवा कराची ढोबळ वसुली २२.०८ लाख कोटी रुपये झाली. १९९५ च्या योजनेतील ७८ लाख निवृत्तांना महिना तीनशे रुपये दिले तर वर्षाचा खर्च २,८०८ कोटी येतो. म्हणजे कराच्या दर हजार रुपयांतला सव्वा रुपया! दारिद्र्यरेषेखालील सव्वादोन कोटी वृद्धांनाही तेवढीच रक्कम दिली तर आणखी सुमारे आठ हजार कोटी लागतील. दोन्ही मिळून अकरा हजार कोटींच्या आसपास, एकूण वसुलीच्या सुमारे अर्धा टक्का. एवढ्याने देश बुडत नाही.

अर्थात महिना तीनशे ही केवळ कराची भरपाई आहे. किमान निवृत्तिवेतन किती असावे हा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे, आणि तोही सुटला पाहिजे. तूर्त आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, अशी रोख भरपाई येत्या अंदाजपत्रकात जाहीर करावी आणि ती ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधावी. दुसरी, वस्तू व सेवा कर परिषदेने कोणताही दर वाढवताना वा सूट काढताना त्याचा ठराविक उत्पन्नावर जगणाऱ्यांवर काय परिणाम होईल ह्याचे पत्रक आधी प्रसिद्ध करावे आणि भरपाईची तारीख कराच्या तारखेहून वेगळी ठेवू नये. तिसरी, औषधे आणि आरोग्यविमा ह्यांवरील दरकपातीचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचतो की नाही हे तपासणारी आणि तक्रार ऐकणारी यंत्रणा पुन्हा उभी करावी. श्रीमंताच्या साबणावरही दर उतरवून जे साधत नाही, ते गरजूच्या हातात थेट पैसा देऊन साधते, हे ऑस्ट्रेलियाने आणि सिंगापूरने दाखवले आहे. आपल्याकडे तर बँकखात्यात पैसे जमा करण्याची व्यवस्था तयारच आहे.

ह्या परिषदेत महाराष्ट्राला स्थान आहे. राज्याच्या वाट्यासाठी तेथे आपले मंत्री हिरिरीने बोलतात, आणि ते बोललेच पाहिजे. परंतु राज्य म्हणजे केवळ तिजोरी नव्हे. गिरणगावातल्या चाळीत, साखर कारखान्याच्या वसाहतीत, एसटीच्या आगारातून निवृत्त होऊन गावी गेलेल्या वाहकाच्या घरात जे राज्य राहते, त्याच्या वतीनेही तेथे कोणीतरी बोलले पाहिजे.

सव्वाशे वर्षांपूर्वी असाच एक आंधळा कर ह्या देशात होता. मिठावरचा. राजाच्या आणि रंकाच्या पानात मीठ सारखेच पडते, म्हणून तो कर गरिबाला जास्त जाचत असे. १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना नामदार गोखले ह्यांनी सरकारच्या शिलकी अंदाजपत्रकाचे कौतुक केले नाही. लोक हलाखीत असताना तिजोरीत शिल्लक पडणे हा गौरव नसून दोष आहे, असे त्यांनी आकडेवारीने दाखवले आणि मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली. पुढच्याच वर्षी तो मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला, १९०५ मध्ये दीडवर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. ते सरकार परके होते, त्याला निवडणुकीत मते मागायची नव्हती. तरी त्याला आकड्यांपुढे नमते घ्यावे लागले.

आजचे सरकार आपले आहे. विक्रमी वसुलीचे आकडे ते अभिमानाने प्रसिद्ध करते. त्या आकड्यांत हजार रुपये पेन्शनवाल्याने औषधाच्या पुडीवर आणि पिशवीतल्या कणकेवर दिलेले पैसेही आहेत. राज्यांची तूट भरून काढण्यासाठी संसदेला कायदा करता आला. म्हाताऱ्यांची तूट भरून काढण्यासाठी तिला तेवढाच वेळ आणि त्याहून पुष्कळ कमी पैसा लागेल. त्यांच्याजवळ वाट पाहण्यास फार वर्षे उरलेली नाहीत. म्हणून हा निर्णय आताच झाला पाहिजे.